खांबामागची बाकं

हेडेकेरच्या गोल चर्चात खांबामागं बसणाऱ्या माणसाला पाद्री कधी दिसत नसे. ऐकू यायचा, पण तोही दोनदा. त्याच्या तोंडातून निघालेला शब्द गोल भिंतीला घासत डावीकडून यायचा, तोच शब्द उजवीकडूनही यायचा, आणि दोन्ही खांबामागं एकमेकांवर आपटून त्यांचा नुसता लगदा व्हायचा. कार्ना पील लहानाची मोठी झाली, लग्न झालं, नवरा समुद्रात बुडाला, केस पांढरे झाले, तोवर तिनं देवाचं वचन हे असं दुसऱ्यानं चावून थुंकलेल्या घासासारखंच ऐकलं.

खांबही काही साधासुधा नव्हता. चार गडी हातात हात घालून उभे राहिले तरी तो कवेत मावत नसे. तो मधोमध, त्याच्या आधारानं वरची दगडी कमान गोल फिरलेली, कमानीवर माळा, माळ्यावर आणखी एक माळा, आणि वर ते काळं टोकदार छप्पर. फार जुन्या काळी दक्षिणेकडून लुटारूंची गलबतं यायची, तेव्हा सगळं गाव मेंढरं, पोरं आणि लोण्याचे डेरे घेऊन भिंतीतल्या अंधाऱ्या जिन्यानं वर चढायचं आणि वरच्या जंग्यांतून, म्हणजे भिंतीतल्या अरुंद भोकांतून, खाली दगड टाकायचं. बांधणाऱ्यांना देवाचं घर बांधायचं होतं का लपायला बीळ, हे त्यांचं त्यांनाही ठरवता आलं नसावं. पुढं लुटारू थांबले. माथा तेव्हा सपाट होता, त्यावर कुणीतरी ही टोपी चढवली. टोपीचं ओझं भिंतींना सोसेना, त्या बाहेर फुगायला लागल्या, म्हणून बाहेरून जाडजूड धिरे लावले. बॉर्नहोम बेटावर आगबोटीनं येणारे पाहुणे लांबून बघून ‘काय सुंदर’ म्हणतात. कार्नाला लांबून ते चर्च म्हणजे स्कर्ट पसरून शेतात बसलेली एखादी थोराड बाई वाटे, आणि ती कशाला बसलीय ते सांगायची गरज नव्हती.

तिनं ते आतून पाहिलं होतं ना. दरवर्षी थंडी ओसरली की पेंटेकोस्टच्या सणाआधी चर्चला चुना द्यायचं काम पील घराण्यातल्या बायांकडं. तिच्या आजीनं दिला, आई सिदसेलनं दिला, आणि आईचे गुडघे गेल्यावर कार्नानं. खड्ड्यात वर्षभर विरवत ठेवलेला चुना काढायचा, दुधासारखा पातळ करायचा आणि हातावर हात देत जायचं, आत, बाहेर, खांबाला, भिंतीला. बोटांच्या चिरा बुजायच्या नाहीत. डोळ्यांतून पाणी. आणि चुन्याआधी माळे झाडायचे. वर जंग्यांतून डोमकावळे येऊन घरटी करत, वर्षभराची त्यांची शिट घोट्याएवढी साचलेली असे, तिच्यात काटक्या, मेलेली पिलं, कुठंकुठं उंदीर. ते घमेल्यानं उपसून खाली न्यायचं. त्याचा वास केसांत बसला की सात धुण्यांनी जात नसे. चर्चात लोक मान वर करून कमानीकडं भक्तीनं बघत, आणि कार्ना मनात म्हणे, वर काय हाय ते मला ठाव हाय.

बाकांची वाटणी कुणी लिहून ठेवलेली नव्हती, पण कुणी चुकत नसे. खांबाच्या पुढची, वेदीजवळची बाकं मोठ्या वाड्यांची. सगळ्यात पुढचं राश घराण्याचं, कारण गावातला सगळ्यात मोठा वाडा त्यांचा. खांबाच्या मागं भूमिहीन झोपडीवाले, कोळी, चांभार, मोलकरणी. राशांच्या बाकावर लोकरीची गादी होती. मागं ओल्या घोंगड्यांचा, तपकिरीचा आणि खारवलेल्या मासळीचा वास. थुंकायचे मात्र दोन्हीकडचे सारखेच. सोमवारी फरशी घासताना कार्नाला पुढची थुंकी कुठली आणि मागची कुठली हे ओळखता यायचं, कारण पुढच्यांची तंबाखू महाग होती.

सिदसेलची एकच इच्छा होती, एकदा पुढं बसून पाद्रीचं तोंड बघायचं. तिनं ती कुणाला सांगितली नाही, लेकीलाच सांगितली. शेवटी ती पुढं गेली, पण शवपेटीतून. पेटी वेदीसमोर ठेवली तेव्हा कार्ना मात्र रिवाजाप्रमाणं खांबामागंच बसली आणि तिला ना पेटी दिसली ना पाद्री. आईचं नाव तिनं दोनदा ऐकलं, डावीकडून एकदा, उजवीकडून एकदा.

तर अशा चर्चात एका पानगळीत कोपनहेगनहून विंथर नावाचा चित्रकार आला. सरकारनं धाडलेला. लांब पोरगेला माणूस, गळ्यात मफलर, खिशात बारीक हातोड्या. चर्चचे पाद्री, पास्टर ग्रोनवाल, त्याला घेऊन आत आले. कार्ना फरशी घासत होती.

“या खांबावर जुनी चित्रं असणार,” विंथर म्हणाला. “चुन्याखाली. शेकडो वर्षांपूर्वीची.”

“कुणी झाकली?” पास्टरनी विचारलं.

“कुणी ठरवून झाकली असतील. पुढं सवयीनं थर चढत गेले.” त्यानं हातोडीनं खांबावर टिचकी मारली. पोपडा सुटून कार्नाच्या बादलीत पडला. “बघा, कांद्यासारखे पापुद्रे. दरवर्षी एक.”

कार्नानं तो पोपडा पाण्यातून काढला. वरचे थर तिचे. त्याखालचे पिवळट आईचे असणार, कारण आई चुन्यात थोडं ताक घालायची. माणसानं जन्मभर केलेलं काम बादलीत पडून गढूळ पाणी करतं आणि वर तेच पाणी आपणच ओतून यायचं. तिला शिसारी आली, पण ती कुणाची ते तिला सांगता आलं नसतं.

“मावशी,” विंथर आदबीनं म्हणाला, “रोज संध्याकाळी हे पोपडे झाडून काढाल का?”

“आजवर चढवले, आता झाडते,” कार्ना म्हणाली. “मला दोन्हीचा पगार एकच हाय.”

त्यानं वरून सुरुवात केली, शिडीवर बसून, मागच्या बाजूनं, कारण तिकडं चुना सैल होता. ख्रिसमसच्या आधी थंडीनं त्याची बोटं काम करीनात तोवर त्यानं हातभर रुंदीची पट्टी मोकळी केली. तिच्यात एक निळा झगा दिसला, सोनेरी केस, आणि तांबूस पिसांचा एक पंख. देवदूत. गाव माना वाकड्या करकरून बघायला लागलं. विंथर बोटीनं घरी गेला, वसंतात येतो म्हणाला.

आता गंमत अशी की देवदूत होता खांबाच्या मागच्या अंगाला. पुढच्या बाकांवरच्या मोठ्या लोकांना तो बघायचा तर बाक सोडून मागं जावं लागे. आणि बेटाच्या अंमलदारसाहेबांनी निरोप धाडला, की वसंतात मडमेसह चित्र बघायला येतो. अंमलदार येणार, मागं उभे राहणार, वर बघणार आणि खाली नजर आणली की त्यांना दिसणार कोण? चांभार येप्पे आणि त्याची नाक शिंकरणारी बायको.

नवीन वर्षाच्या पहिल्या रविवारी सेयर राश उपदेशानंतर उभा राहिला. थोराड माणूस, मानेवर घडी, बोलताना ओठांच्या कडेला फेस यायचा.

“भावांनो,” तो म्हणाला, “आपले गरीब शेजारी पिढ्यान् पिढ्या खांबामागं बसत्यात. त्यास्नी वचन नीट ऐकू येत न्हाई. माझ्या मनाला हे लई लागतंय. आमी वाडेवाले मागं बसतो. त्यास्नी पुढं येऊ द्या.”

पास्टरांचे डोळे भरून आले. मागं झोपडीवाल्यांत कुजबुज उडाली. बोएल नावाची म्हातारी कोळीण कार्नाच्या कानाशी लागली.

“कार्ने, राश मरायला टेकलाय का गं? एवढा चांगला कशापायी बोलतोय?”

“त्याला पंख पायजे,” कार्ना म्हणाली.

आमच्याकडं करार करायचा तर चर्चच्या देवडीत, दरवाजाची लोखंडी कडी धरून. पूर्वी या देवडीत पुरुष हत्यारं काढून ठेवत, म्हणून तिथं दिलेला शब्द हत्यारानंही मोडत नाही असं मानतात. कडी धरून दिलेली वस्तू परत घ्यायची तर ज्याला दिली त्यानंच आपल्या राजीखुशीनं कडी धरून ती सोडावी लागते. दुसरा रस्ता नाही. राशानं स्वतः सगळ्यांना देवडीत नेलं आणि कडी धरून आपलं बाक कार्ना पीलच्या नावानं सोडलं. बाकीच्या वाड्यांनी बाकीच्यांच्या नावानं. कार्नालाच का, तर चर्चची चाकरी करणारी, कुणी नाव ठेवायला जागा नको. तिच्या खांद्यावर त्यानं हातही ठेवला. हाताला डुकराच्या चरबीचा वास होता. त्या दिवशी गावात राशाची जी वाहवा झाली, ती ऐकून कार्नानं दुपारची जवाची लापशी तशीच ठेवून दिली.

पुढच्या रविवारी ती पहिल्या बाकावर बसली. गादी राशीणबाई एलीनेनं नेली होती, फळी उघडी होती. आणि तिला पाद्री दिसला.

आईनं ज्यासाठी जन्मभर जीव जाळला ते हे. पास्टर ग्रोनवालांच्या नाकातले केस बाहेर आले होते. जोर चढला की ते थुंकी उडवत, ती पहिल्या बाकापर्यंत यायची. शब्द एकदाच आणि स्वच्छ ऐकू येत होते, आणि स्वच्छ ऐकल्यावर कळलं की त्यात काही नव्हतं. नम्रता, मग कर, मग पुन्हा नम्रता. खांबामागं बसून त्या लगद्यात आपण काहीतरी मोठं हुकवतोय असं तिला वाटत आलं होतं. आता हुकवायलाही काही उरलं नाही. तिनं दात दाबून धरले आणि प्रवचन संपेपर्यंत जमिनीकडं बघत राहिली. तरी ती त्या बाकावर दर रविवारी बसली. सिदसेलची लेक बसली, एवढं तरी कुणीतरी मोजत असेल.

मागं मोठी माणसं हिवाळाभर देवदूताकडं बघत बसली. एलीने राशीण लोकांना सांगू लागली की पंखाचा डोळा तिच्याकडंच वळलाय. पंखाला डोळा नव्हता, पण कुणी बोललं नाही.

वसंतात विंथर परत आला आणि शिडी खाली सरकवत गेला. झग्याखाली देवदूताचा हात दिसला, हातात तुतारी. पास्टर जरा चपापले, कारण देवदूताची तुतारी शेवटच्या न्यायाच्या दिवशी मेलेल्यांना उठवायला वाजते, हे त्यांना माहीत होतं. चुना आणखी खाली उतरला. उघड्या थडग्यांतून उठलेली माणसं. नागडी. मग आणखी खाली, नेमकं बाकावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर, नरक.

आणि तो काय नरक! एखाद्या भुकेल्या खेडवळ चितारीनं मनाचा सगळा मळ काढून ओतलेला. माशासारखा उघडा जबडा, त्यात दातांच्या दोन दोन ओळी. डुकराच्या तोंडाचा एक सैतान माणसांना दोरानं बांधून ओढतोय. एका लठ्ठ माणसाचं पोट फाडून आतडं चाकावर गुंडाळतायत. एका बाईच्या छातीला बेडूक लटकलेत आणि ती तोंड उघडून ओरडतेय. एक जण वाकलाय आणि त्याच्या मागून सैतान जे करतोय ते पास्टरांनी कागद लावून झाकायचा प्रयत्न केला, पण गोंद चुन्याला धरेना.

पोपडे झाडताना कार्नानं ते सगळं जवळून पाहिलं. आपण, आपली आई, आपली आजी हे पोटात घालून वर पांढरं फासत होतो. तिच्या ओठांवर जणू ते बेडूक आले. ती बाहेर जाऊन धिऱ्याला टेकून ओकली. मग तोंड धुऊन परत आली आणि उरलेले पोपडे झाडले.

रविवारी वाडेवाले बाकांवर बसले आणि समोर ते. एलीने राशीणबाईच्या तोंडासमोर तर बरोब्बर बेडूकवाली. बाईनं रुमाल नाकाला लावला, जसा काही वास येत होता. तिची मुलगी रडत बाहेर पळाली. सेयर राश लाल झाला, कारण चाकावर आतडं गुंडाळलेल्या माणसाच्या मानेवर घडी होती, आणि चर्च सुटल्यावर खांबाला वळसा घालून बाहेर जाणारे झोपडीवाले आधी चित्राकडं आणि मग त्याच्याकडं बघत होते.

“ही घाण झाका!” देवडीत राश ओरडला. “कार्ने, उद्याच चुना लाव.”

“मला काय,” कार्ना म्हणाली. “चुना तयार हाय.”

“हात लावू नका,” विंथर म्हणाला. “हे आता सरकारी नोंदीत आहे. एक कुंचा जरी फिरवला तरी दंड होईल.”

“नरकाची नोंद?”

“हो. कोपनहेगनला कागद गेलाय. असा नरक उत्तरेत फार थोड्या ठिकाणी आहे. तुम्हाला अभिमान वाटला पाहिजे.”

राशानं त्याच्याकडं असं पाहिलं, जसं काही विंथर डुकराच्या तोंडाचा होता. अंमलदारसाहेब आले, मडमबाईंना भोवळ आली, ते लवकर गेले.

मग वाडेवाले जागे झाले. झाकता येत नाही, तर बाकं परत घ्यायची. पण कडी धरून दिलेली. झोपडीवाल्यांनीच राजीखुशीनं सोडायला हवीत. राश दारोदार फिरला. चांभार येप्पेला म्हणाला, तुझी झोपडी माझ्या जमिनीत हाय. येप्पे म्हणाला, मालक, मला तसं बी पुढं थंडी वाजती. बोएलला मासळी सुकवायला राशांचा किनारा लागायचा. एकेक करून सगळे राजी झाले. कार्नाला हे कळलं आणि तिला सगळ्यात जास्त किळस वाटली ती याची. राशाचं काय, तो राशच. पण ज्यांनी हिवाळाभर मिशा पिळून पुढं बसून घेतलं, ते आता हात जोडत मागं पळत होते आणि वर त्याला भक्ती म्हणत होते.

“आपली जागा तिकडंच बरी गं,” बोएल म्हणाली. दोघी चुन्याच्या खड्ड्याजवळ बसून धुरावलेली हेरिंग खात होत्या. बोएलची बोटं तेलकट. “देवानं ठरवलेली.”

“देवानं न्हाई, राशाच्या आज्यानं ठरवलेली.”

“तू बी ये मंग. एकटी तिथं बसून काय चाटणार?”

“मला तिथं काय आवडतंय म्हणून बसते का? शिसारी येती मला त्या जागंची.”

“मंग सोड की!”

कार्नानं माशाचं डोकं गवतात फेकलं. “सोडायला कुणी मागितली पायजे ना नीट.”

राश त्याच आठवड्यात तिच्या दारात आला. घरात आला नाही, उंबऱ्यावर उभा राहिला, कारण आत खालच्या छपराला वाकावं लागलं असतं.

“कार्ने, रविवारी सण हाय. समदे देवडीत येऊन कडी धरणार. तू बी येशील.”

“कशाला मालक? मला तर नीट ऐकू येतंय आता. तुमच्याच मनाला लागलं होतं.”

“चेष्टा करू नगंस.”

“चेष्टा कुठली. तुमी भर चर्चात म्हनलासा, पास्टर रडले.”

राशानं ओठ पुसले. “माझी बायको आजारी पडलीय ते चित्र बघून. अन्न जात न्हाई तिला.”

“मी बी ओकले,” कार्ना म्हणाली. “मला कुणी बाक बदलून दिलं न्हाई. मीच झाडत होते.”

“चुन्याचं काम कोन देतं तुला? चर्चचा पंच कोन हाय?”

“तुमी.”

“मंग?”

कार्नाचा हात दाराच्या चौकटीवर होता, बोटांच्या चिरांत पांढरं साचलेलं. काम गेलं तर उन्हाळ्यात बटाटे काढायला जावं लागेल, हिवाळ्यात कुणाच्या तरी घरी लोकर कातायला. तिला ते सगळं दिसत होतं. राशालाही तिला ते दिसतंय हे दिसत होतं, म्हणून त्याच्या तोंडावर एक ओलं, समाधानी हसू आलं. ते हसू तिनं पाहिलं. बेडूक परवडले.

“येते रविवारी,” ती म्हणाली.

रविवारी देवडीत गर्दी. बाहेर ऊन, आत भिंतींना ओल. झोपडीवाले रांगेत उभे, पास्टर बाजूला, वाडेवाले समोर, सणाचे काळे कपडे. एकेक जण पुढं होऊन कडी धरी आणि म्हणे, “राजीखुशीनं सोडलं.” येप्पेनं धरली. त्याच्या बायकोनं नाक शिंकरलं, त्याच हातानं धरली. बोएलनं धरली, तेलकट बोटांनी. प्रत्येक वेळी समोरचा एक वाडेवाला सुटल्यासारखा श्वास टाकी. कडी काळी, चिकट, घामानं चमकत होती.

शेवटी कार्ना. राशानं बायकोचा हात धरून तिला पुढं घेतलं, लोकरीची गादी तिच्या बगलेत. पहिल्या बाकावर घालायला आणलेली.

कार्नानं कडीकडं पाहिलं. हात एप्रनला पुसला. मग पुन्हा पुसला. बायका बघत होत्या, हिचा हात आता जाणार.

“नगं,” ती म्हणाली. “हात घाण व्हईल.”

आणि कडीला न शिवता, खांद्यानं दार ढकलून ती आत गेली आणि पहिल्या बाकावर जाऊन बसली.

राश तिच्यामागं धावला, पण चर्चात धावता येत नाही, म्हणून निम्म्यात चालायला लागला. “ऊठ,” तो दातांतून म्हणाला.

“कडी धरून दिलंय तुमी.”

“ऊठ म्हणतो ना! काम गेलं तुझं, समज.”

“गेलं,” कार्ना म्हणाली. “आता तर घालवायलाच काय उरलं न्हाई तुमच्याकडं.”

राशानं पास्टरांकडं पाहिलं. पास्टरांनी वेदीकडं पाहिलं. घंटा वाजत होती, ती थांबली, आणि पास्टर ग्रोनवाल घसा खाकरून पुढं गेले, कारण सण होता आणि कडीचा शब्द मोडणाऱ्याच्या बाजूनं उभं राहिलं तर उद्या गावात कुणी गाय विकू शकलं नसतं, हे त्यांनाही कळत होतं.

मग बाकी सगळे आपापल्या जुन्या जागी बसले. वाडेवाले पुढं, झोपडीवाले मागं. फक्त राशांना जागा नव्हती. त्यांचं बाक कार्नाचं होतं, आणि त्यांच्या हक्काचं बाक खांबामागचं, कार्नाचं जुनं, बेडूकवालीच्या बरोब्बर समोरचं. येप्पे आणि त्याची बायको सरकून बसले. एलीने राशीणबाई गादी मांडीवर घेऊन बसली आणि तिनं डोळे मिटून घेतले. येप्पेच्या बायकोनं नाक शिंकरलं.

पुढं कार्नाच्या शेजारी कुणी बसलं नाही. दुसऱ्या बाकावरच्या बायका तिच्यापासून लांब, बाकाच्या टोकाला गोळा झाल्या, जणू तिला काही लागण झाली होती. एवढं लांबलचक बाक आणि त्यावर एकटी म्हातारी. गाणं सुरू झालं. ती गायली नाही.

चुन्याचं काम पुढं बोएलच्या सुनेला मिळालं. कार्ना बटाटे काढायला जाऊ लागली. लोक म्हणाले, पुढच्या रविवारी तरी सोडेल. तिनं सोडलं नाही. तिला ती जागा आवडत होती असं नाही. पाद्रीचं तोंड तिला दर रविवारी नकोसं व्हायचं. आवाज स्वच्छ होता म्हणून खोटं जास्त ऐकू यायचं. पण ती उठून गेली असती तर त्या फळीवर सेयर राशाचं ढुंगण टेकलं असतं, आणि ते तिला त्याहून सोसवलं नसतं. एवढंच. भक्ती वगैरे काही नाही.

एकदा चर्च सुटल्यावर राशानं तिला थडग्यांच्या वाटेवर गाठलं. आता तो वाळला होता. मानेची घडी लोंबायला लागली होती. खांबाच्या मागं बसून बसून त्याला ऐकायलाही कमी यायला लागलं होतं.

“कार्ने,” तो म्हणाला, पहिल्यांदाच आवाज न चढवता, “किती दिस बसनार तू तिथं?”

“मरेपातूर.”

“आन् मंग?”

“मंग पुढं काय असतंय, ते तुमी दर रविवारी बगताच की, मालक.”

ती लाकडी जोडे वाजवत निघून गेली. सेयर राश तिच्याआधी गेला. त्याची पेटी वेदीसमोर ठेवली, तेव्हा कार्ना पहिल्या बाकावरच होती. तिनं नाकाला रुमाल लावला आणि काढला नाही.